डाकोटाची काच

काच पांढरी पडली होती. बळवंतरावांनी ती चष्म्याच्या फडक्याने पुसली, फुंकर मारली, शेवटी ओल्या बोटाने चोळली. पांढरी ती पांढरीच. कॉकपिटमध्ये बसवलेले दोन चिमुकले वैमानिक पार दिसेनासे झाले होते.

चूक त्यांचीच. पारदर्शक काचेला पांढरा गोंद लावायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण सकाळी तात्यारावांचा फोन आला, संध्याकाळी नको, जेवायलाच येतो. त्या गडबडीत बळवंतराव सुपरग्लू लावून मोकळे झाले. सुपरग्लूची वाफ काचेवर बसते. बसली.

“काढून दुसरी लावा ना,” चंद्रप्रभा पुऱ्या लाटता लाटता म्हणाली.

“दुसरी कुठून आणू? आणि ही उचकटली तर तडकेल.”

“मग राहू द्या. नावं ठेवायला तात्या काहीतरी शोधणारच. हे आयतं सापडेल.”

तात्याराव म्हणजे तिचे थोरले भाऊ, हवाई दलातून निवृत्त झालेले वैमानिक. लग्नापासून आजवर त्यांनी या मेहुण्याच्या एकाही गोष्टीला चांगलं म्हटलं नव्हतं. बळवंतरावांची दिल्लीत मंत्रालयातली नोकरी, त्यांची स्कूटर, आर. के. पुरममधलं सरकारी घर, सगळ्यात खोट. आज तात्यारावांची पंचाहत्तरी होती. त्यांनी तरुणपणी चालवलेल्या डाकोटा विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल बळवंतराव कित्येक दिवस जोडत होते. पंख धडाला नीट बसेनात, तेव्हा फटीत पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. एकदाच, फक्त एकदाच त्यांना तात्यारावांच्या तोंडून ‘छान’ ऐकायचं होतं. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असला हट्ट शोभत नाही. पण होता.

तात्याराव आले, श्रीखंड-पुरी जेवले, श्रीखंडात साखर जास्त झाली म्हणाले. मग विमान त्यांच्या हातात गेलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि जाणकारासारखी धडावरून हळूहळू बोटं फिरवली.

“इथे पुट्टी लागतेय हाताला. बिल्कुल लागतेय.” बोट पंखाच्या मुळाशी थांबलं. “हा डावा पंख केसभर वर आहे. आणि बळवंतराव, सांधा असा घासतात होय?”

बोट कॉकपिटवर आलं. बळवंतरावांनी डोळे मिटून घेतले.

“अच्छा! काच मात्र छान बसवलीत. एकदम क्लिअर. एक डाग नाही.”

बळवंतरावांना आकाश ठेंगणं झालं. ऐकलंस ना, अशा थाटात त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती काचेकडेच बघत होती.

तात्याराव उठले. “चलो, निघतो. करोल बागेत गाडीचं काम आहे.”

“इतक्यात? चहा तरी घे,” चंद्रप्रभा म्हणाली.

“नको गं. बाहेर बघ किती धुरकट झालंय. तुमच्या दिल्लीत हल्ली भर दुपारी समोरचा रस्ता दिसत नाही, यार. नोएडापासून हॉर्न वाजवत आलो.”

बळवंतरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. कालच्या वाऱ्याने हवा धुऊन निघाली होती. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शर्टाची बटणंसुद्धा मोजता आली असती. इकडे तात्याराव खिशात किल्ली चाचपत होते.

एवढ्या वर्षांत एक ‘छान’ पदरात पडलं होतं. ते घेऊन गप्प बसणं किती सोपं होतं! बोलणं बळवंतरावांच्या अगदी जिवावर आलं. पण ते दार अडवून उभे राहिले.

“तात्याराव, ती काच पांढरीफटक पडलीय,” ते म्हणाले. “गाडीची किल्ली माझ्याकडे द्या.”