डावीकडं बघणारी सम्राज्ञी

"टाकसाळ नमूद करावी," एवढ्यासाठी हैद्राबादच्या पुराणवस्तू खात्याकडून नाण्याच्या नोंदीचा कागद तिसऱ्यांदा परत आला तेव्हा तेरच्या राघवेंद्र मास्तरांचं डोकंच फिरलं. गावच्या टेकाडात सापडलेल्या रोमन नाण्यावर एका बाजूला सम्राज्ञी होती, मागं तळाशी टाकसाळीची खूण म्हणून तीन बारीक अक्षरं. पण पुस्तकातल्या एकाही टाकसाळीशी ती जुळत नव्हती. त्यात पुस्तकातली सम्राज्ञी उजवीकडं बघायची, ही बया डावीकडं! चरफडत ते शिक्के कोरणाऱ्या चाँदपाशाकडं भिंग मागायला गेले. नाणं भिंगाखाली धरताच तो हसत सुटला. "मास्तर, ठशात समदं उलटं कोरावं लागतं, तवा नाण्यावर सुलटं उमटतं. ह्या गड्यानं रोमचं नाणं बघून ठशात जसंच्या तसं कोरलंय, म्हणून बाई फिरली नि अक्षरंबी उलटी पडली. टाकसाळीतला माणूस असा चुकंल व्हय?" "म्हणजे खोटं?" मास्तर खेकसले. "खोटं कशानं? आपल्या गावचं हाय." मास्तरांनी कागद ओढला, टाकसाळीपुढं 'तेर' लिहिलं. "आता करा म्हणावं परत!"