वजा आठ

“आणि वजा आठचं काय केलंस?” गणिताच्या बाईंनी विचारलं.

“खोडून टाकलं, बाई,” फळ्यापाशी उभी असलेली टकळी म्हणाली. “वजा आठ घेऊन काय करू? लोणचं घालू?”

सगळा वर्ग हसला. टकळीही हसली. एरवी फळ्याजवळ जायचं म्हटलं की ती पुढच्या मुलीमागे दडायची. आज मात्र ती स्वतःहून उठली होती, कारण हे गणित पुस्तकातलं नव्हतंच. तिच्या घरचं होतं.

टकळी हे नाव आजोबांनी ठेवलेलं, तिच्या अखंड चालणाऱ्या तोंडावरून. खरं तर तोंडाच्या बाबतीत ती आजोबांवरच गेली होती. आजी आतल्या खोलीत शिवणकाम करायची आणि आजोबा तिच्या दारात खुर्ची टाकून दिवसभर तिच्याशी वाद घालायचे. ही कॉलर वाकडी, ते कापड पुचाट, अमक्या बाईंचं माप दर वेळी वाढतंच कसं. वाद घालता घालता आजीच्या सुईत दोरा ओवून द्यायचे. आजीला जवळचं नीट दिसत नसे.

मग एके दिवशी आजोबांना श्वास पुरेना. “आलोच,” असं आजीला म्हणून ते दवाखान्यात गेले आणि परत आले ते ऑक्सिजनचं यंत्र घेऊनच. यंत्र बाहेरच्या खोलीत जाड प्लगपाशी बसलं. ते हलवायचं नाही, नळी जोडून लांब करायची नाही, असं यंत्रवाल्याने बजावलं होतं. आजोबांचं सगळं जग एका वर्तुळात आलं. मध्यभागी यंत्र, त्रिज्या नळीएवढी, दहा फूट.

तेव्हापासून आजोबा गप्प झाले. जेवलात का, तर मान हलवायची. झोप लागली का, तर मान हलवायची. घर इतकं शांत झालं की टकळीलाही मोठ्याने बोलायची चोरी. आतून फक्त शिलाई मशीनची खडखड यायची, तीही थांबत थांबत.

परवा मात्र आजोबांनी समोरच्या भिंतीकडे हात केला. “तिकडे… बसवा मला,” एवढंच म्हणाले आणि त्यांना धाप लागली.

समोरच्या भिंतीला खिडकी होती. सगळे म्हणाले, बरोबर आहे, रस्ता दिसेल, जीव रमेल. पण नळी पुरेल का? आजोबांना उगाच उठवायचं आणि अर्ध्या वाटेतून परत बसवायचं, हे कुणालाच नको होतं.

“सुतळी घे आणि मोज की,” बाबा म्हणाले.

सुतळी! त्याच आठवड्यात शाळेत वर्तुळ आणि रेषा शिकवून झाली होती. नवं शिकलेलं टकळीच्या अंगात मावत नव्हतं. खोलीतली फरशी एकेका फुटाची. यंत्रापासून समोरची भिंत सरळ सहा फरश्या. क्ष वर्ग अधिक य वर्ग बरोबर शंभर, य बरोबर सहा. शंभरातून छत्तीस गेले, चौसष्ट राहिले. क्ष आला आठ! तिने भिंतीलगत उजवीकडे आठ फरश्या मोजल्या, तर ती बरोबर खिडकीखाली. तिथे खुर्ची टाकली. नळी अगदी हिशेबात पुरली.

“वा, टकळे,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग दिवसभर खिडकीतून बघत बसले. पाहुण्यांच्या घरी लग्नाचा अल्बम बघावा लागतो, तसे.

“वजा म्हणजे नाही, असं तुला कुणी सांगितलं?” फळ्यापाशी बाई विचारत होत्या. “वजा म्हणजे दुसऱ्या बाजूला. रेषा वर्तुळाला दोन ठिकाणी छेदते, बाळा. उजवीकडे आठ, तसे डावीकडेही आठ. काय आहे तुमच्याकडे तिथे?”

“कपाट,” टकळी म्हणाली. “यंत्राला जागा करायला सरकवलेलं. आणि कपाटामागे…”

टकळी बंद पडलेली वर्गाने पहिल्यांदाच पाहिली.

“थँक्यू, बाई!” ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या वर्गातून सर डोकावले.

शाळा सुटल्यावर ती धावतच घरी गेली. “दादा, कपाट ढकल!”

“आल्या आल्या हमाली?” दादा कुरकुरला, पण त्याने खांदा लावला. टकळीने भिंतीलगत डावीकडे आठ फरश्या मोजल्या. आठवी फरशी आजीच्या दाराच्या उंबऱ्याला लागून होती; कपाट आड आल्यापासून ते दार बंदच होतं आणि आजी स्वयंपाकघरातून ये-जा करायची. तिने खुर्ची आणायला वळून पाहिलं, तर आजोबा कुणी न बोलावताच उठून उभे. खुर्ची दादाने आणली; तिने आजोबांचा हात धरला. सावकाश, थांबत थांबत दोघं निघाले. नळी फरशीवरून मागे मागे आली, आली आणि पुरली. खुर्चीत टेकल्यावरही आजोबांनी टकळीचा हात सोडला नाही. घट्ट दाबून धरला.

आत शिलाई मशीनची खडखड थांबली. आजीने मागे वळून पाहिलं नाही. नुसता तिचा हात खांद्यावरून मागे आला. हातात सुई होती आणि दोरा.

“आलोच म्हणून गेला होतात,” ती म्हणाली. “घ्या. ओवा.”