जावयाची खुर्ची

दत्तारामने हातातल्या पोलादी पत्तीच्या कडेवर नख फिरवलं. नख अडकलं नाही. म्हणजे धार गेली होती. लाकडावरूनही आता सालीऐवजी नुसता भुसा पडत होता.

तारकर्लीत त्याचं आयुष्य होड्या दुरुस्त करण्यात गेलं होतं. होडी गुळगुळीत आहे का, असं कोणी विचारत नाही. पाणी आत आलं नाही म्हणजे झालं. खुर्ची तो पहिल्यांदाच करत होता, आणि तीही गावात वजन असलेल्या भाईंच्या घरची. ही साधली तर गावातली घरकामं त्याच्याकडे येणार होती. फसली तर पुन्हा होड्याच.

भाईंचा जावई गुरुदास शिमग्याला मुंबईहून आला होता. चार दिवसांसाठी आलेल्याला आता पंधरा दिवस झाले होते. ओटीवरच्या बाकाची कूस, म्हणजे लाकडाची वर आलेली बारीक ढलपी, लागून त्याची नवी टेरिलीनची विजार फाटली.

"धड खुर्ची असती तर महिनाभर राहिलो असतो," तो म्हणाला.

जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून भाईंनी त्याच दिवशी दत्तारामला बोलावलं.

"फणसाची कर. जावयाक कूस लागाक नको."

फणसाचं लाकूड हट्टी. त्याच्या रेषा उलटसुलट. रंधा एकीकडून सफाई करी आणि दुसरीकडून टवके काढी. म्हणून दत्तारामने जुन्या करवतीचा तळहाताएवढा तुकडा कापून लाकूड खरवडायला ही पत्ती केली होती. त्याची कड त्याने कानशीने पुन्हा सरळ केली, तेल सोडून दगडावर घासली. मग पटाशीची पाठ किंचित तिरकी धरून कडेवरून दाबून ओढली. दोनदा, तीनदा. आता नख अडकलं. केसाएवढी कड वळून आकडा झाला होता. दोन्ही अंगठ्यांनी पत्ती जराशी वाकवून त्याने पुढे रेटली, आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली. पत्ती तापून अंगठे पोळत होते. तो थांबला नाही. चार दिवस नुसती बैठकच खरवडत होता.

"पुरे आता," त्याची बायको सुभद्रा म्हणाली. "माशी बसली तर घसरात."

खुर्ची ओटीवर ठेवली तेव्हा बघायला शेजारीपाजारी जमले. गुरुदास दुसरी टेरिलीनची विजार घालून, चहाची कपबशी घेऊन बसला. पाठ टेकली. पाय लांब केले. आणि कोणी ढकलल्यासारखा हळूहळू पुढे सरकत, चहासकट जमिनीवर आला.

तो पुन्हा बसला. पुन्हा खाली आला. तिसऱ्यांदा त्याने बैठकीची कड दोन्ही हातांनी धरली. तेवढ्यात शिंक आली आणि हात सुटले. सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या.

रात्री जेवताना रजा संपत आल्याचं गुरुदासला एकाएकी आठवलं. सकाळच्या एस.टी.ने तो गेला.

ते ऐकून दत्तारामने पत्ती पेटीत टाकून दिली. आता गावात होडीचंसुद्धा काम कोण देणार? दुपारी भाई स्वतः त्याच्या अंगणात येऊन उभे राहिले. दत्ताराम खाली मान घालून उठला.

"चुकलंय, भाईनू. खुर्ची माघारी हाडून दिया. बैठक जरा खरखरीत करतंय."

"हात लावशीत तर बघ," भाई म्हणाले. त्यांनी मागे वळून रस्त्यावर कोणी नाही ना ते पाहिलं, मग आवाज खाली आणला. "आंब्याच्या दिवसात व्याही आणि विहीणबाय ऱ्हवाक येतले. अश्योच आणखी दोन करून दी."