ओळख पटवायला

जिन्याखाली तुटलेलं कुलूप पडलं होतं. सायकल नव्हती.

सांडूनं कुलूप उचललं, उलटंपालटं केलं आणि परत ठेवलं. कामाची वेळ झाली होती. मस्तगडातून कुंडलिकेचा पूल ओलांडून नवीन जालन्यातल्या बियाण्याच्या गोदामापर्यंत जायचं, दिवसभर पोती उचलायची आणि तेवढंच परत यायचं. आता सगळं पायी.

"जाऊ द्या," त्याची बायको आशाबाई म्हणाली. "चौकीत जाऊन कुणाची वस्तू कधी परत आल्ती का?"

घरमालक तातेराव ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चौकीत जा. आजच."

"मालक, जुनी घेतल्ती. पावती न्हाई."

"नसू दे. तोंडी सांग. माझ्या घरातून गेली असं बराबर सांग. मी न्हाई म्हणणार न्हाई. आज सायकल गेली, उद्या काय जाईल?"

सांडू गोदामातून परतताना चौकीत गेला. जमादारानं तक्रार लिहून घेतली आणि वर न बघताच म्हणाला, "पावती न्हाई, तर सापडल्यावर तुलाच ओळखावी लागंल. दुसरा पुरावा न्हाई."

मग चालणं सुरू झालं. टाचा फुटल्या. घरी आला की सांडू भिंतीला टेकायचा, आणि आशाबाई ताट वाढेपर्यंत त्याचे डोळे मिटलेले असायचे. रोज तातेराव विचारायचे, "चौकीत गेल्तास का?" नसेल गेला तर त्याच पावली परत पाठवायचे.

"किती जीव तोडून राह्यलेत," आशाबाई म्हणायची. "दुसरा मालक म्हणला असता, तुमची वस्तू, तुम्ही सांभाळा."

सांडूला ते ठाऊक होतं. मागच्या वर्षी त्याची पोरगी बेबीनंदा तापानं फणफणली, तेव्हा तो आष्टीला गावी गेला होता. तातेरावांनीच पोरीला खांद्यावर घेऊन सरकारी दवाखाना गाठला होता. अजून एखादा तास गेला असता तर पोर हातची गेली असती, असं डॉक्टर म्हणाले होते.

एके दुपारी गोदामात शिपाई आला. "चल. सायकल सापडली. ओळख पटवायला."

सायकल चौकीच्या भिंतीला लावलेली होती. सीटवर आशाबाईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा शिवलेला. वाकडं कॅरिअर सांडूनं स्वतः तारेनं बांधलेलं. त्याला एकदम हलकं वाटलं. तो पुढं झाला आणि मग त्याची नजर बाकावर गेली.

बाकावर धर्मराज बसला होता. तातेरावांचा एकुलता एक.

धर्मराज मटक्याच्या नादी लागलाय, हे गल्लीला ठाऊक होतं. त्याची आई गिरिजाबाई परवाच घरातली पितळी घागर शोधत होती आणि डोळे पुसत होती. धर्मराजनं मान वर केली नाही.

"बघ बराबर," जमादार म्हणाला. "तू हो म्हणला की आत. न्हाई म्हणला की मला सोडावं लागंल."

सांडूनं सीटवरून हात फिरवला. पाय ठणकत होते. त्याच्या डोळ्यांपुढं आली ती तातेरावांच्या खांद्यावरची बेबीनंदा.

"न्हाई साहेब. ही माझी न्हाई."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

जमादारानं त्याच्याकडं खूप वेळ बघितलं. मग धर्मराजला हातानंच जायची खूण केली. जाताना धर्मराज हसला, की सांडूला तसं वाटलं.

सांडू पूल ओलांडून मस्तगडात आला. ओट्यावर तातेराव उभेच होते. त्याच्या मोकळ्या हातांकडं त्यांनी पाहिलं.

"सायकल?"

"ती माझी नव्हती, मालक."

"आन् धर्मराज?"

बातमी इथवर आली होती तर. सांडूनं आवाज खाली केला. "सोडलं त्याला. तुम्ही काळजी करू नका. सायकल काय, होईल दुसरी. तुमच्या घराला माझ्या तोंडून बट्टा लागायचा न्हाई."

तातेराव हळूहळू खाली बसले. आत मागचं दार वाजलं आणि गिरिजाबाई कुणाला तरी ओरडून कपाटाची चावी परत मागू लागली.

"सांडू," ते म्हणाले, "चौकीत त्याचं नाव मीच दिल्तं."