‘तोफखाना’ आणि शेजारची भिंत

शेजाऱ्याची शांतता आणि तरुणांची साधना यांत कलह उत्पन्न झाला म्हणजे न्याय करणे कठीण होते. कारण दोन्ही पक्ष आपापल्या ठायी धर्मानेच वागत असतात. सन दोन हजारच्या आश्विनात शिंद्यांच्या जुन्या राजधानीत, माधवगंजात जगदेवरावांच्या तळमजल्यावरील खोलीत असाच कलह चालू होता.

त्या खोलीत ‘तोफखाना’ हा रॉक बँड रोज सायंकाळी तालीम करीत असे. वनमाला गात असे, दौलतसिंह गिटार वाजवीत असे आणि गोविंद ड्रम्सवर बसत असे. तिघांच्याही पूर्वजांनी शिंद्यांच्या फौजेत चाकरी केली होती. बँडचे नाव त्यांनी त्याच अभिमानाने ठेवले होते. आता त्यांचा पहिला पूर्ण अल्बम व्हायचा होता. त्यात नऊ गाणी होती आणि त्याचे नाव ‘सरबत्ती’, म्हणजे तोफांची एकसाथ फैर, असे ठरले होते.

भिंतीपलीकडे दिनकरराव राहत. वय अठ्ठ्याहत्तर. गाणे रंगात आले की भिंतीवर काठीचे तीन ठोके पडत. ठोके पडले की वादन थांबवायचे, हा घरमालक जगदेवरावांचा नियम होता.

“लेखी तक्रार आली, तर त्याच दिवशी खोली खाली करायची,” त्यांनी बजावले होते.

थांबलेले गाणे मग पहिल्यापासून सुरू करावे लागे. शेजारच्या खिडकीत दिनकरराव वहीत काही लिहीत बसलेले दिसत.

“वो देख, तक्रारीची वही,” गोविंद म्हणे. “बुढ्ढा एकेक दिवस लिहून ठेवतोय.”

वनमालेने घरी आईपाशी गाऱ्हाणे केले. सुधाताई हसल्या.

“अगं, देवळात तरी कुठे गप्प बसतात? चातुर्मासाच्या पारायणात समोर पोथी उघडून बसतात. म्हणणारा जरा चुकला की चौरंगावर टकटक. तो बिचारा पुन्हा मागे जाऊन म्हणतो. शेवटी यांनी ‘अस्खलित’ लिहून श्रोता म्हणून सही केल्याशिवाय पारायण पुरं धरत नाहीत. भले भले भटजी घाबरतात त्यांना.”

“म्हणजे देवालाही सोडत नाहीत!” वनमाला म्हणाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोविंदच्या सरकारी कचेरीत बदल्यांची यादी लागली. राज्याचे विभाजन होणार होते. एक नोव्हेंबरपासून छत्तीसगड वेगळे, आणि गोविंदच्या नावापुढे रायपूर लिहिलेले होते. आता अल्बम झाला तर त्याआधीच. नाहीतर कधीच नाही. इंदरगंजातील स्टुडिओ बावीस तारखेच्या रविवारी मिळाला, तोही एकच दिवस.

दसऱ्याला वनमाला सोने देण्यासाठी दिनकररावांकडे गेली. आपट्याची पाने त्यांच्या हाती ठेवून तिने नमस्कार केला.

“आजोबा, एक मागणं आहे. गोविंद रायपूरला चाललाय. आमच्याकडे दोनच आठवडे उरलेत. तेवढे दिवस भिंतीवर ठोकू नका.”

“गीते किती?” त्यांनी विचारले.

“नऊ.”

दिनकररावांनी वहीचे पान उलटले. “नऊ. आणि अवधी दोन आठवडे. मग मुली, माझ्याने थांबणे होणार नाही.”

वनमाला डोळे पुसतच परतली. दौलतसिंह भडकला. “ठीक है! ठोकने दो. हम भी तोफखाना हैं!”

त्या दोन आठवड्यांत ठोके वाढले. एका सायंकाळी चौथे गाणे अकरा वेळा थांबले आणि अकरा वेळा पहिल्यापासून सुरू झाले. गोविंदच्या हाताला फोड आले. मग हळूहळू ठोके विरळ होत गेले. “थकला म्हातारा,” तो म्हणाला.

रविवारी स्टुडिओत शालिनीताई ध्वनिमुद्रणाला बसल्या होत्या. एरवी त्या भजनांच्या कॅसेटी करीत. सायंकाळी त्यांनी कानांवरचे हेडफोन उतरवले.

“नऊ गाणी, आणि एकदाही मागे जावं लागलं नाही! कुणाकडे शिकलात रे?”

“गुरु-वुरु कोई नहीं, ताई,” दौलतसिंह छाती काढून म्हणाला. “एक पड़ोसी है. दुश्मन है अपना.”

तीस तारखेला कॅसेट हाती आली. दुसऱ्या दिवशी गोविंदची गाडी होती. तिघे खोलीत जमले. दारे-खिडक्या सताड उघडून त्यांनी ‘सरबत्ती’ पूर्ण आवाजात लावली. पहिले गाणे झाले, चौथे झाले, नववे झाले. वनमालेचे डोळे भरून आले. आपण हे केले, एवढेच तिला वाटत होते.

“ए, आज ठोका नाही पडला,” गोविंद म्हणाला.

तोच दारात जगदेवराव उभे राहिले. त्यांच्या हातात ती वही होती.

“दिनकररावांनी दिली. तुमच्यासाठी आहे म्हणाले.”

“आता करू दे तक्रार,” गोविंद म्हणाला. “आमचं काम झालं.”

वनमालेने मधलेच एक पान उघडले. वर तिथी होती. खाली सुवाच्य अक्षरात लिहिले होते: ‘गीत चौथे. तिसऱ्या कडव्यात ढोल तालाच्या आधी. अकरा वेळा.’

तिने झरझर पाने उलटली. शेवटच्या पानावरची शाई अजून ओली होती.

‘गीते नऊ. अस्खलित. श्रोता, दिनकर. जाणाऱ्याचे आणि राहणाऱ्यांचे कल्याण असो.’