वारुळाचा कौल

रोज आकाशातून माती वाचणाऱ्या उपग्रहाने कोळंबवाडी लाल रंगवली होती. लाल म्हणजे पाण्याने फुगणारी, डोंगर घसरवणारी माती. लाल वाडी रिकामी करायची, हा कायदाच होता; मृदातज्ज्ञाची जमिनीवरची मोजणी उलट निघाली तरच सुटका. बिऱ्हाडं टेम्पोत चढली होती.

मृदातज्ज्ञ हेमांगीला मात्र आजच कळलं की वाडीकर दरसाल तळ्यातला काळा, फुगणारा गाळ आणून घरामागच्या परड्यात पसरतात. उपग्रह बघतो तो फक्त वरचा थर. मग खालची माती कोण दाखवणार?

चपला काढून ती सातेरी देवीच्या देवळात शिरली. तिथे मूर्ती नव्हती, पुरुषभर उंच वारूळ होतं; तीच देवी.

"गुरवकाका, वाळवी खोलातली माती वर आणते. देवीवर जरा उजेड टाकू?"

गुरवांनी आधी वारुळावर फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवीकडची पाकळी पडली, म्हणजे होकार.

हेमांगीने प्रकाशमापक वारुळासमोर धरला. मातीवरून परतलेला उजेड पडद्यावर हिरवागार उमटला. खाली न फुगणारी, घट्ट माती होती!

"काय गो बाय, माऊली काय म्हणता?"

"म्हणते, सामान उतरवा!"

गुरवांनी घंटा बडवली. सकाळी चौघांनी कण्हत चढवलेलं जातं दोघांनीच हसत उतरवलं.