घराच्या लेखी

मुलगा खोलीबाहेर गेला की दिवा आधी मंद व्हायचा, मग विझायचा, आणि सायलीताई अंधारात बसून राहायच्या. आजही तेच झालं.

रेयांशने परत येऊन आईच्या मनगटातली चिप पुन्हा तपासली. “फारच जुनी आहे गं. इथल्या नेटवर्कशी जुळतच नाही. घराच्या लेखी ही खोली रिकामी.”

“तुला दिसते ना मी?”

“उद्या नवी बसवू. मग वाईचं घरही विकून टाकू. वर्षभर टाळतेयस.”

वाईचा राउटर या चिपच्याच वयाचा. सायलीताई तिथल्या फाटकाशी पोचल्या की अजूनही ओसरीवर उजेड व्हायचा, चहाचं आधण तापू लागायचं.

सायलीताईंनी मनगट हळूच सोडवून घेतलं.

“ते घर विकायचं नाही, रेयांश. मी वाईला राहायला जाणार आहे.”